निवळलेलं पाणी

नावाड्याने वल्ही आत घेतली आणि होडी तळ्याच्या मधोमध थांबली. तळ्याचा हा सगळ्यात खोल भाग, आणि खोली किती, तर अडीच मीटर. एका उंच माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला तर दुसऱ्याचं डोकं नक्की बाहेर येईल. चार दिवस वारा पडलेला होता. पाणी हिरवंगार होतं, दाट होतं, आणि होडीच्या कडेला त्याची साय धरली होती.

"मॅडम, हा तर रंगाचा डबाच झाला," नावाडी म्हणाला. "दोन बादल्या नेऊ का? भिंती रंगवायच्यात."

"वासाचं काय करशील?"

"बायको म्हणते तसाही माझ्या अंगाला येतोच. पाहुण्यांना वाटेल भिंतीला येतोय."

ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत. धाकटी म्हणणारा आता जगात एकच माणूस उरला होता, तिचा दादा. पण सत्तावन्न वर्षांच्या या बाईला स्वतःच्या मनात अजून तेच नाव होतं, तेव्हा आपणही तेच वापरू. धाकटी शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होती. निवृत्तीला आठ महिने उरले होते. होडीत तिच्यासमोर बसली होती ती नवी, सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेली केमिस्ट. कामाला चपळ, बोलायला कमी.

नवीने हातभर लांबीची पारदर्शक नळी दांड्याला जोडून तळाच्या गाळात खुपसली, वरून बूच मारलं आणि नळी वर ओढली. नळीत खाली काळाभोर गाळ होता, त्याच्यावर वीतभर पाणी. तिने सिरिंजने ते पाणी ओढलं आणि तिथेच, होडीत, नाण्याएवढ्या फिल्टरमधून ते बाटलीत दाबायला लागली.

"इथेच गाळतेस?" धाकटीने विचारलं. "प्रयोगशाळेत नेऊन निवळू दे ना आधी. गढूळ पाण्याने फिल्टर चोंदतो."

"चोंदला की दुसरा लावते, मॅडम. आम्हाला असंच शिकवलंय. तळाचं पाणी हवा लागायच्या आत गाळायचं."

"आम्हाला शिकवलं होतं, निवळू दे, मग गाळ."

"हो?" नवी म्हणाली. त्या 'हो'त उद्धटपणा नव्हता. आश्चर्य होतं, आणि ते तिने लगेच आवरलं.

तिसऱ्या दिवशी नवीने कागद समोर ठेवला. गाळाला लागून असलेल्या पाण्यातला फॉस्फरस तीन वर्षांपूर्वीच्या आकड्याच्या चाळीस पट होता.

"चुकलं असेल काहीतरी," धाकटी म्हणाली.

"तीनदा केलं, मॅडम."

मग धाकटी स्वतः तळ्यावर गेली. एकाच नळीतलं पाणी तिने दोन बाटल्यांत घेतलं. एक होडीतच गाळलं. दुसरी बाटली तिने नेहमीप्रमाणे प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवली. सकाळी त्या बाटलीच्या तळाशी तांबूस साका बसला होता आणि वरचं पाणी काचेसारखं दिसत होतं. असं पाणी पाहिलं की तिला एकतीस वर्षं बरं वाटत आलं होतं. तिने ते गाळलं. दोन्ही बाटल्यांतलं पाणी वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत घेऊन त्यात तेच द्रावण तेवढंच घातलं. फॉस्फरस जितका जास्त, तितका या चाचणीत रंग निळा चढतो. दहा मिनिटांनी होडीत गाळलेल्या पाण्याच्या नळीत जणू शाई होती. दुसऱ्या नळीत निळा आहे की नाही हे बघायला मागे पांढरा कागद धरावा लागला.

हातच्या काकणाला आरसा नको होता. तांबूस साका म्हणजे गंज. तळाच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं असतं. बाटलीत हवा शिरली की त्याचा गंज होतो, गंज फॉस्फरसला मिठी मारतो आणि दोघं मिळून खाली बसतात. वरचं स्वच्छ पाणी तेवढं ती गाळत होती आणि मोजत होती. मोजायची ती वस्तू दर वेळी बाटलीच्या बुडाशी राहत होती आणि मोरीत धुऊन जात होती. जुन्या वहीत तिच्याच वळणदार अक्षरात पाच वेळा लिहिलेलं होतं: 'तांबूस साका. पाणी स्वच्छ.' पुरावा तिने स्वतःच नोंदवला होता, आणि वाचला नव्हता.

नवी शेजारी उभी होती. "मॅडम, त्या वेळी बऱ्याच ठिकाणी असंच करायचे," ती म्हणाली.

"त्या बऱ्याच ठिकाणी भाऊ नव्हता माझा."

नवीला हे कळलं नाही. तिला सांगणारं कोणी नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी शहराने मोठा नळ टाकून सांडपाणी तळ्यापासून वळवलं. आता तळं सुधारेल, असं सगळे म्हणाले. पाच वर्षं गेली, तळं आणखी हिरवं झालं. एका उन्हाळ्यात शेवाळाने पाण्यातली हवा संपवली आणि एका सकाळी सगळा काठ मेलेल्या माशांनी पांढरा झाला. मग समिती बसली. सांडपाणी बंद आहे, तर शेवाळाला खायला घालतंय कोण? संशयित दोनच निघाले. एक, वर्षानुवर्षं सांडपाण्याचा मळ साठवून बसलेला गाळ. दुसरा, पूर्वेच्या कोपऱ्यातली दादाची चारशे बदकं. वडिलांपासून चालत आलेला धंदा होता तो. दोघं भावंडं त्यांच्या कलकलाटातच लहानाची मोठी झाली होती.

गाळाची तपासणी धाकटीकडे आली. तिने साहेबांना सांगितलं की बदकं माझ्या भावाची आहेत. साहेब म्हणाले, "मग काय, तुम्ही आकडा वाकवणार आहात?" आकडा न वाकवणारी बाई म्हणूनच ती ओळखली जाई. तिने पाच नमुने घेतले आणि अहवालात लिहिलं: गाळातून येणारा फॉस्फरस नगण्य. म्हणजे उरली बदकं, आणि ती तळ्यावरून उठवली गेली. गावाने तिचं कौतुक केलं. सख्ख्या भावाची गय केली नाही म्हणाले.

तिच्या मनात आत्ता सलत होतं ते हे, आणि ते पद्धतीच्या चुकीहून खोल होतं. आकडा दादाच्या बाजूने आला असता तर लोक काय म्हणतील म्हणून तिने तो दहा वेळा तपासला असता, साका ढवळून पाहिला असता, बाहेरच्या प्रयोगशाळेत बाटली पाठवली असती. आकडा विरुद्ध आला. विरुद्ध आला म्हणून तो तिला खरा वाटला. तो तिने एकदाही तपासला नाही.

दादाने त्या वेळी एवढंच म्हटलं होतं, "धाकटे, माझा कोपरा सगळ्यात शेवटी हिरवा होतो गं. आधी मधला खोल भाग होतो. वारा पडला, चार दिवस उकडलं, आणि मग वारा सुटला की बघ."

आणि ती म्हणाली होती, "दादा, नुसत्या डोळ्यांनी तळं कळत नाही."

साहेबांनी जुना अहवाल आणि नवे आकडे शेजारी ठेवून वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"छान आहे. 'सुधारित पद्धतीने नवे निष्कर्ष' असं शीर्षक द्या."

"जुनी पद्धत चुकली होती, सर. तसं लिहायला हवं."

"सुधारित म्हटलं की त्यात आलंच ते."

"नाही येत. वाचणाऱ्याला वाटेल तळं बदललं. तळं तेच आहे. मी चुकले."

"मॅडम, आठ महिने राहिलेत. बदकांच्या जागी फिरायचा रस्ता झाला, बाकं बसली, फीत कापली. आता चोर सोडून संन्याशाला सुळी दिली असं छापून काय मिळणार? संन्यासी काही परत येत नाही."

"तो सहा थांब्यांवर राहतो, सर."

साहेबांनी कागद परत तिच्याकडे सरकवला. "सही तुमची एकटीची. मी फक्त पुढे पाठवतो."

तिने लिहिलं. 'चूक' हा शब्द तीन ठिकाणी आला. तिने तिन्ही ठिकाणी तो राहू दिला.

कागदावर लिहिणं सोपं होतं. दादाला सांगायचं होतं ते वेगळंच. बदकं गेल्यावर दादा तिच्यावर एकदाही चिडला नव्हता. तू खोटं थोडंच लिहिशील, आकडा तो आकडा, असं म्हणाला होता. सगळं बिऱ्हाड उचलून तो शीतगृहावर पहारेकरी म्हणून लागला. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती त्याच्याकडे जाई. तिला ना नवरा ना मूल. तिचं माहेर, सासर, घरदार जे काही होतं ते त्या दोन खोल्यांत होतं. ते आता राहतं की जातं, हा प्रश्न घेऊन ती रविवारी दुपारी बसमध्ये बसली. महिन्याचा दुसराच रविवार होता.

"अगंबाई! आज सूर्य कुठून उगवला?" वहिनीने दारातच म्हटलं. "का कॅलेंडर चुकलं?"

"वहिनी, दादा आहे?"

"आहे ना. बटण लावतोय. चारशे बदकं हाकली आयुष्यभर, एक बटण काही जागेवर बसत नाही."

दादा खाटेवर बसून गणवेशाच्या शर्टाला बटण लावत होता. चारला त्याची पाळी सुरू व्हायची. "ये धाकटे," तो म्हणाला. "सुईत दोरा ओवून दे आधी. मग बोल."

तिने दोरा ओवला. मग उभ्या उभ्याच सांगितलं. बाटल्यांचं, खिडकीचं, साक्याचं, निळ्या रंगाचं. कुठे थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. वहिनी चहाचं आधण तसंच ठेवून आत आली.

दादाने शर्ट बाजूला ठेवला. "गाळ कसा देतो ते नीट सांग."

"गाळात लोखंड असतं. तळाशी हवा पोचते तोवर ते फॉस्फरस धरून ठेवतं. वारा पडला, उकडलं, की तळाची हवा संपते. लोखंडाची पकड सुटते. फॉस्फरस पाण्यात येतो, आणि वारा सुटला की वर येतो. शेवाळ त्याच्यावर माजतं, मरतं, खाली बसतं, पुन्हा गाळ होतं. बाहेरून काही आलं नाही तरी हे फिरत राहतं."

"म्हणजे वारा पडल्यावर, मधल्या खोल भागातून."

"हो." तिला त्याच्याकडे बघवेना. "तू सांगितलं होतंस तसंच."

"आणि बदकांचं काहीच नव्हतं?"

इथे एखादीने 'काहीच नाही' म्हटलं असतं. "काहीच नाही असं नाही," धाकटी म्हणाली. "शंभरात चार. फार तर पाच."

"अहो, आज तरी पुरतं सोडा की त्यांना!" वहिनी कडाडली. "तीन वर्षं झोप नाही या माणसाला, आणि तुम्ही चार-पाच काय मोजताय!"

"चार आहेत, वहिनी."

"असू दे," दादा म्हणाला. "चार आहेत तर चार." त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल अशी तिला आशा होती, ती दिसली नाही. मग तो म्हणाला, "ढोल्या गेला गं."

ढोल्या म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा मित्र, मासे धरणारा, अंगाने आडवा, हसला की होडी हलायची. मासे मेले त्या उन्हाळ्यात काठावरच्या बावीस घरांची जाळी खुंटीला लागली. अहवाल आला तसा दादा बावीसही घरांत गेला होता. माझ्यामुळे झालं, माझ्या बदकांनी केलं, पोटात घाला. एकवीस घरांनी घातलं. ढोल्याने दारातूनच सांगितलं, माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस. दोन वर्षं अबोला राहिला, आणि गेल्या हिवाळ्यात ढोल्या तापाने गेला. दादा अंत्ययात्रेला कोपऱ्यावर उभा राहिला, पुढे गेला नाही.

"मी त्याला सांगितलं की मी केलं," दादा म्हणाला. "त्याचा विश्वास बसत नव्हता आधी. बदकांनी कुठं तळं मरतं, म्हणाला. मीच पटवलं त्याला. म्हटलं, माझ्या बहिणीने मोजलंय."

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली.

"चल," दादा म्हणाला, शर्ट अंगात चढवला आणि चपला घातल्या.

ढोल्याची बायको घराच्या पायरीवर बसून मासे साफ करत होती. मासे तळ्याचे नव्हते, बाहेरून ट्रकने येत आणि बायका ते साफ करून देत. दादा रस्त्यावरच थांबला.

"भाऊजी, वर या," ती म्हणाली. "नको म्हणणारा गेला."

"तो गेला म्हणून शब्द उठत नाही त्याचा. मी इथे बरा आहे."

धाकटी पायरीशी उकिडवी बसली आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं, या वेळी कमी शब्दांत. बाई ऐकता ऐकता सुरी चालवत राहिली. मग सुरी थांबली.

"म्हणजे यांच्या बदकांचं नव्हतं ते."

"नव्हतं. गाळाचं होतं. मी मोजायला चुकले."

"माझ्या माणसाने दोन वर्षं यांचं नाव टाकलं होतं. सगळ्या घराला टाकायला लावलं. आता तो राग मी कुठे नेऊन ठेवू? गाळावर?"

"माझ्यावर ठेवा."

बाईने तिच्याकडे वर मान करून पाहिलं. "तुमच्यावर? ताई, मी तुम्हाला ओळखते तरी का?"

बाईने ओले हात पोत्याला पुसले. "लिहून द्या. माझे मुलगे दुसरीकडे कामाला आहेत, त्यांना मी सांगितलं तर म्हणतील आईला कोणी गुंडाळलं. कागद असला की बघतील."

धाकटीने पिशवीतून वही काढली आणि पायरीवरच लिहिलं. अहवालाची भाषा इथे चालणार नव्हती. तिने खाली सही केली, तारीख घातली.

"आता वाचा. मोठ्याने वाचा. भाऊजींना ऐकू जाऊ दे."

तिने वाचलं. "तळ्यातले मासे बदकांमुळे मेले असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. तळाच्या गाळामुळे मेले. गाळातलं पाणी मी चुकीच्या रीतीने तपासलं. यात बदकं पाळणाऱ्याचा दोष नगण्य आहे. चूक माझी आहे."

'नगण्य' हाच शब्द तिच्या जुन्या अहवालात होता. तिने तो कागदावर तसाच ठेवला. या खेपेला तो बरोबर होता.

बाईने कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली. रस्त्याकडे बघून म्हणाली, "भाऊजी, एक सांगायचं राहिलंय माझं पण. शेवटच्या आठवड्यात ताप डोक्यात गेला होता ह्यांच्या. सगळं विसरले होते. सारखं विचारायचे, बदकं ओरडत का नाहीत, आजारी आहेत का, त्याला बोलाव, मी बघतो. तुमचं नाव घेऊन म्हणायचे, त्याला बोलाव."

दादा रस्त्याच्या कडेला सरकला.

"मी नाही बोलावलं. म्हटलं, शुद्धीवर आले की माझ्यावरच उखडतील, त्याला घरात कशाला घेतलंस म्हणून." तिने पुन्हा सुरी उचलली, पण मासा घेतला नाही. "तीन दिवस म्हणत होते."

दादा रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला. गणवेशाच्या शर्टाचं खालचं बटण लावायचं राहून गेलं होतं, तिथे त्याने हात धरला होता. तो रडला नाही. धाकटी त्याच्याजवळ गेली आणि नुसती उभी राहिली. खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं. आपल्याला तो हक्क आहे की नाही, हे ठरवण्यात वेळ गेला आणि तो उठला.

परतताना दोघं शीतगृहाच्या भिंतीच्या कडेने चालली. आत यंत्रांची घरघर चालू होती.

"किती वर्षं लागतील?" दादाने विचारलं. "गाळातलं संपायला."

"काही केलं नाही तर पंधरा. वीस पण लागतील."

"म्हणजे मी बघत नाही."

तिने मनात बेरीज केली. दादा चौसष्ट वर्षांचा होता. "कदाचित नाही," ती म्हणाली.

फाटकाशी तो थांबला. किल्ल्यांचा जुडगा काढला, हवी ती किल्ली शोधली.

"धाकटे, थोडे दिवस येऊ नकोस."

"बरं."

"राग नाही माझा."

"माहीत आहे."

"राग असता तर भांडलो असतो, मोकळा झालो असतो." तो किल्लीकडे बघत बोलत होता. "तू दिसलीस की मला त्याचे ते तीन दिवस आठवतील. तुझं तोंड बघून मला ते आठवायला नको आहेत. कळतंय ना तुला?"

"कळतंय, दादा."

"वहिनी येईल अधूनमधून तुझ्याकडे. तिला मी सांगतो."

चार वाजले. आतल्या पहारेकऱ्याने छोटं दार उघडलं, दोघांत दोन शब्द झाले, जाणाऱ्याने टोपी काढली आणि येणाऱ्याने घातली. लगेचच बर्फाने भरलेला एक ट्रक आला. दादाने गाडीचा नंबर नोंदवहीत लिहिला, फाटकाचा एक पल्ला ढकलला, मग रस्ता ओलांडून दुसरा ढकलला. ट्रक आत गेला. दोन्ही पल्ले बंद करताना तो बाहेर बघू शकला असता. त्याने कडी घातली.

बसथांबा समोरच होता. पहिली बस तिने सोडली, दुसरीही सोडली. तिसऱ्या बसचा कंडक्टर दारात वाकून म्हणाला, "बाई, यायचंय का? की नुसतंच उभं राहायचंय?"

"यायचंय," धाकटी म्हणाली आणि चढली.